खेड्यातील मुलींचा फुटबॉल संघ टिकवायचा कसा? नॉर्वेतील क्लेप क्लबच्या निमित्ताने काही प्रश्न

दारव्ह्याचे मास्तर:

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवतो. चार वर्षांपूर्वी आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतील मुली एकत्र करून मी फुटबॉलचा एक संघ उभा केला. सध्या त्यात १४ मुली आहेत. मैदान म्हणजे गावाबाहेरच्या ई-क्लास जमिनीचा, म्हणजे सरकारी गायरानाचा, एक तुकडा असून त्याची काळी माती पावसाळ्यात पायाला किलो किलोने चिकटते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मागे एका संस्थेने चेंडू आणि टी-शर्ट दिले, मुलींसोबत फोटो काढले आणि त्यानंतर त्या संस्थेचा फोन कधी लागला नाही.

माझी खरी अडचण मात्र साहित्याची नाही. आठवीनंतर मुली तालुक्याच्या शाळेत जातात, दहावीनंतर काहींचे शिक्षण थांबते आणि अठरा-एकोणीस वर्षे पूर्ण होताच सोयरिकी जुळू लागतात, त्यामुळे दर दोन वर्षांनी माझा संघ मुळापासून नव्याने उभा करावा लागतो.

माझ्या वर्गातील मुलांच्या तोंडी सतत नॉर्वेचा फुटबॉलपटू हालांड याचे नाव असते, म्हणून तो वाढला ते ब्रिने हे गाव मी नकाशावर शोधले आणि त्याच्या शेजारीच मला क्लेप सापडले. शेती आणि दूधदुभत्यावर पोसलेला हा भाग असून तिथल्या नगरपालिकेची संपूर्ण लोकसंख्या जवळपास २० हजार आहे, आणि तरीही तिथल्या क्लबच्या महिला संघाने १९८७ मध्ये नॉर्वेची राष्ट्रीय लीग आणि १९८९ मध्ये राष्ट्रीय चषक जिंकला, हे वाचून मी थक्क झालो. आमच्या एखाद्या जिल्हा परिषद गटाएवढ्या वस्तीने देशाचे विजेतेपद मिळवावे, अशातलाच हा प्रकार आहे. अशा ठिकाणी महिला संघ पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकतो, त्याचा खर्च कोण करतो आणि शाळा सुटल्यावरही मुली खेळत कशा राहतात, याची माहिती जाणकारांनी द्यावी, ही विनंती.

वणी ते सान्नेस:

मास्तर, मी मूळचा वणीचा असून गेली अकरा वर्षे नोकरीनिमित्त नॉर्वेतील सान्नेस या शहरात राहतो. येथून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की आधी क्लेप आणि मग ब्रिने लागते. या सपाट भागाला यारेन म्हणतात. शेतातून निघालेले दगड धुऱ्यावर रचून केलेल्या लांबच लांब भिंती, गाईंचे कळप आणि बटाट्याची शेते असा हा मुलूख आहे. ट्रॅक्टरच्या नांगरांसाठी प्रसिद्ध असलेला, १८७९ मध्ये सुरू झालेला क्वेर्नलँडचा कारखानाही याच परिसरातला आहे. माझी मुलगी येथील एका लहान क्लबमध्ये खेळते, त्यामुळे जे पाहिले आहे तेच लिहितो.

आपण ‘महिला संघ कसा टिकतो’ असे विचारले आहे, पण येथे टिकवला जातो तो क्लब, आणि संघ त्या क्लबच्या आधाराने टिकतो. क्लेपचा क्लब १९१९ चा आहे. अशा गावक्लबला येथे ‘इद्रेट्सलाग’ म्हणतात, म्हणजे गावाचे क्रीडामंडळ. बहुतेक मंडळांत एकाहून अधिक खेळ असतात, गावातील कोणीही वार्षिक वर्गणी भरून सभासद होऊ शकतो आणि सभासदांच्या वार्षिक सभेत कार्यकारिणी निवडली जाते. या कार्यकारिणीत स्त्रिया आणि पुरुष दोघेही असावेत, असा राष्ट्रीय क्रीडा महासंघाचा नियम आहे. त्यामुळे एखाद्या वर्षी महिला संघात नऊच जणी उरल्या तरी मंडळ, मैदान, हिशेबाची वही आणि चेंडूंची खोली जागच्या जागी राहते, आणि पुढच्या वर्षी तीन मुली वाढल्या की संघ पुन्हा उभा राहतो. आपल्याकडे संघ म्हणजे एक उत्साही शिक्षक, आणि त्याची बदली झाली की संघाचीही बदली होते, असे मला लहानपणापासून दिसत आले आहे.

खर्चाचे म्हणाल तर वर्गणी हा त्याचा एक भाग आहे. दुसरा भाग म्हणजे ‘डुग्नाड’, अर्थात सर्वांनी मिळून विनामोबदला केलेले काम. २००४ मध्ये लोकांनी हाच शब्द देशाचा राष्ट्रीय शब्द म्हणून निवडला होता. सामन्याच्या दिवशी पालक आळीपाळीने छोट्या टपरीत वाफेल (साच्यात भाजलेले जाडसर गोड घावन) भाजतात आणि कॉफी विकतात, वसंतात मैदानाची झाडलोट करतात आणि घरोघर जाऊन टॉयलेट पेपरचे गठ्ठेही विकतात. पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला असे सहा गठ्ठे आले, तेव्हा एका अभियंत्याने हे विकत फिरावे याची मला लाज वाटली होती. शेजाऱ्याने दार उघडले, माझ्याकडून दोन घेतले आणि त्याच्या मुलाच्या बँड पथकाचे दोन माझ्या हातात ठेवले, तेव्हा ती लाज गेली.

तिसरा भाग सरकारी मालकीच्या लॉटरी कंपनीकडून येतो. ‘नॉर्स्क टिपिंग’ ही कंपनी आपल्या नफ्याचा मोठा वाटा क्रीडाक्षेत्राला देते आणि मैदाने, सभागृहे त्यातून बांधली जातात. शिवाय २००९ पासून तिकीट घेणारा माणूस आपल्या आवडीच्या स्थानिक मंडळाचे नाव नोंदवू शकतो आणि त्याने लावलेल्या रकमेचा ठराविक हिस्सा त्या मंडळाला मिळतो. सुरुवातीला हा हिस्सा ५ टक्के होता, २०१९ पासून तो ७ टक्के झाला. लॉटरीच्या पैशावर मुलींचे मैदान, हे आपल्याकडे अनेकांना पचणार नाही, याची मला कल्पना आहे.

आता वयाचा प्रश्न. येथे लहान मुलांच्या स्पर्धांत गुणतक्ते आणि क्रमवारी मूल ११ वर्षांचे होते त्या वर्षापासूनच लावता येतात. त्याआधी सामना होतो, गोल होतात, पण कोण पहिले आणि कोण शेवटचे हे कुठेही छापले जात नाही. त्यामुळे कच्ची मुलगी दहाव्या वर्षी बाकावर बसून कंटाळत नाही आणि खेळ सोडत नाही. शिवाय अकरा जणींची सक्ती नाही. सात-सात जणींचे सामने गावोगावी चालतात आणि ज्या दोन गावांना स्वतंत्र संघ जमत नाही ती मिळून एक संघ उतरवतात. आपण तीन गावे एकत्र केलीत ते येथे रूढच आहे. अशा सात जणींच्या संघात माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिकाही खेळतात आणि त्यांचे वय पंचेचाळीसच्या पुढे असावे.

आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. येथील शाळांना शरद ऋतूत एक आठवडा सुट्टी असते आणि जुनी माणसे तिला अजूनही बटाट्याची सुट्टी म्हणतात, कारण त्या दिवसांत मुले बटाटे काढायला शेतात जात. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत सरावाला मुली का येत नाहीत म्हणून चिडण्यापेक्षा वेळापत्रकच वेचणीला धरून आखावे, असे मला वाटते.

कोरडवाहू:

माहिती उत्तम आहे, परंतु ही तुलना मला पटत नाही. नॉर्वेची एकूण लोकसंख्या सुमारे ५५ लाख, आणि आपल्या विदर्भाची २०११ च्या जनगणनेतच २ कोटी ३० लाख. त्या ५५ लाखांच्या मागे समुद्रातले तेल आहे. ज्यांच्या घरात पैसा आहे त्यांना डुग्नाड शोभतो. सोयाबीनला भाव नाही आणि कापसावर बोंडअळी आहे, अशा घरातल्या बाईने संध्याकाळी मैदानावर जाऊन वाफेल भाजावेत काय?

वणी ते सान्नेस:

आपला मुद्दा अर्धा मान्य आहे. कृत्रिम गवताची मैदाने आणि प्रकाशझोत ही श्रीमंतीची देणगी आहे, यात वाद नाही. मात्र नॉर्वेच्या समुद्रात एकोफिस्कचे तेलक्षेत्र सापडल्याची घोषणा १९६९ च्या डिसेंबरात झाली आणि क्लेपचा क्लब त्याच्या ५० वर्षे आधीचा आहे. दगड वेचून शेती करणाऱ्या लोकांनी तो काढला. तेलाने मैदान हिरवे झाले असेल, मंडळ मात्र त्याच्या आधीपासून होते.

निवृत्त क्रीडाशिक्षिका, अमरावती:

वरील चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. प्रथम डुग्नाडविषयी. हा शब्द आपल्याला नवा असला तरी वस्तू नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगावी श्रमदान शिकवले, गाडगेबाबांनी आधी झाडू हाती घेतला आणि मग कीर्तन केले. क्रीडामंडळही आम्हाला परके नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे आहे, म्हणजे क्लेपच्या क्लबपेक्षा पाच वर्षांनी मोठे, आणि १९३६ मध्ये या मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले होते. तेव्हा आपल्याकडे परंपरा नाही, असे कोणी म्हणू नये. उणीव आहे ती आखाड्याच्या दारातून बाईला आत घेण्याची.

आणि ही उणीव नॉर्वेतही होती. सान्नेसच्या बंधूंच्या लेखनातून तेथे सारे आपसूक घडले असा समज होऊ शकतो, म्हणून सांगते. त्यांच्या फुटबॉल महासंघाने महिलांच्या फुटबॉलला अधिकृतपणे जवळ केले ते १९७६ मध्ये. १९८६ मध्ये मेक्सिकोत भरलेल्या फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, अधिवेशनात एलन विल्ले या नॉर्वेच्या प्रतिनिधी बोलायला उभ्या राहिल्या. फिफाच्या अधिवेशनात भाषण करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या आणि महिलांसाठी विश्वचषक हवा ही मागणी त्यांनी भर सभेत केली. १९८८ मध्ये चीनमध्ये चाचणी म्हणून झालेली स्पर्धा नॉर्वेनेच जिंकली, १९९१ च्या पहिल्या विश्वचषकात त्या उपविजेत्या ठरल्या आणि १९९५ मध्ये जर्मनीला २-० ने हरवून विश्वविजेत्या झाल्या. एवढे होऊनही राष्ट्रीय संघाच्या पुरुष आणि महिला खेळाडूंना महासंघाकडून समान रक्कम मिळण्याचा करार व्हायला २०१७ साल उजाडले, आणि त्याच वर्षी त्यांची आघाडीची खेळाडू आदा हेगरबर्ग हिने महिला फुटबॉलला मिळणाऱ्या वागणुकीवर नाराज होऊन राष्ट्रीय संघ सोडला. पुढच्याच वर्षी ती जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणाऱ्या बॅलन डी’ओर या पुरस्काराची पहिली महिला मानकरी ठरली, पण देशाच्या संघात परतली ती २०२२ मध्ये. तेव्हा गुरुजी, आपल्या मुलींना क्लेपची गोष्ट सांगाल तर भांडणासकट सांगा.

आता आपल्या मूळ अडचणीकडे येते, कारण तिच्यावर इतक्या उत्तरांनंतरही कोणी बोट ठेवलेले नाही. क्लेपमधील मुलगी लग्न झाल्यावर बहुधा त्याच परिसरात राहते किंवा निदान स्वतः ठरवून दूर जाते. आपली मुलगी लग्न झाल्यावर गाव सोडते, हा नियमच आहे. म्हणून जो संघ केवळ गावच्या लेकींचा असेल तो दर काही वर्षांनी रिकामा होणारच, त्यात आपल्या प्रयत्नांची काही कसूर नाही. परंतु ज्या दारातून लेक जाते त्याच दारातून सून येते. गावात वीस, तीस, चाळीस वर्षे राहणार आहेत त्या सुना. स्थिर महिला संघ हवा असेल तर तो सुनांचा असला पाहिजे आणि लेकींचा संघ त्याच्या सावलीत वाढला पाहिजे.

हे मी हवेत बोलत नाही. नोकरीत असताना अचलपूर तालुक्यातील एका गावात महिला दिनानिमित्त मी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्चीऐवजी कबड्डीचा सामना ठेवला होता. आठ-दहा जणी येतील असे वाटले होते, पण बावीस आल्या. पदर खोचून उभ्या राहिलेल्या त्या बावीस जणींत गावच्या लेकी दोनच होत्या, बाकी साऱ्या सुना. बहुतेक जणी माहेरी शाळेत खेळलेल्या होत्या आणि लग्नानंतर प्रथमच कोणीतरी त्यांना खेळायला बोलावले होते. एकीने चढाईत तिघींना बाद केले, तेव्हा बघायला उभी असलेली तिची सासू इतरांना मोठ्याने सांगत होती की माही सून हाय ते. पुढच्या वर्षी तेथील कारभाऱ्यांनी हा कार्यक्रम पुन्हा हळदीकुंकवावर आणून ठेवला, आणि माझीही बदली झाली, हेही नमूद करते.

कोरडवाहू यांना एवढेच विचारते की दिवसभर निंदण करून आलेला बाप्या संध्याकाळी पारावर पत्ते खेळतो, तेव्हा त्याच्या थकव्याची आठवण आपल्याला होते काय?

कोरडवाहू:

ताई, पत्त्यांचे मान्य. माझा आक्षेप पैशांपुरता होता. मैदानाचा आणि मंडळाच्या कागदपत्रांचा खर्च कोठून यायचा, हे कोणी सांगितले तर बरे होईल.

ग्रामपंचायतीचा माणूस:

पैशाविषयी थोडक्यात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायची असते. ती बहुतेक ठिकाणी खुर्च्या आणि सतरंज्यांवर जाते. ग्रामसभेत लेखी मागणी ठेवली तर खेळाचे साहित्य त्यातून होऊ शकते. आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी, तेथे ठराव करावा आणि तो मुख्य ग्रामसभेत वाचून दाखवावा, म्हणजे तो बाजूला सारणे कठीण जाते. मंडळाची नोंदणी करायची असल्यास किमान सात सभासद लागतात आणि धर्मादाय कार्यालयात कागदपत्रे द्यावी लागतात. मात्र नोंदणीनंतर दरवर्षी हिशेब सादर न केल्यास पुढे फार त्रास होतो, त्यामुळे खजिनदार भांडकुदळ असला तरी चालेल, हिशेबी असावा. ई-क्लास जमिनीवर पक्के बांधकाम करू नये. गोलचे खांब काढता येतील असेच ठेवावेत.

वणी ते सान्नेस:

अमरावतीच्या बाईंचा सुनांचा मुद्दा वाचून मी आमच्या क्लबच्या सात जणींच्या संघाकडे नव्याने पाहिले. त्यातही निम्म्या अधिक जणी या गावात बाहेरूनच आलेल्या आहेत, कोणी नोकरीसाठी, कोणी नवऱ्यामागे, दोघी तर पोलंडमधून. गावात ओळखी व्हाव्यात म्हणूनच त्या पहिल्यांदा आल्या होत्या. हे माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसले नव्हते.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. येथेही लहान क्लबचा महिला संघ नावारूपाला आला की मोठ्या क्लबचे लक्ष त्यावर जाते. बर्गन शहरातील सान्दविकन हा वस्तीपातळीवरचा क्लब १९४५ चा. त्यांच्या महिलांनी २०२१ मध्ये लीग जिंकली आणि पुढच्याच हंगामापासून तो संघ शहरातील मोठ्या ब्रान क्लबमध्ये विलीन झाला. ट्रॉन्हाइम शहरातील नामांकित महिला संघाचेही २०२० मध्ये तेथील मोठ्या रोसेनबोर्ग क्लबशी असेच मीलन झाले. खेळाडूंना त्यातून चांगले मैदान, वैद्यकीय मदत आणि पगार मिळतो, म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही. ब्रानने २०२२ मध्ये लीग जिंकलीही. पण जुन्या क्लबचे नाव फलकावरून जाते. आपल्या १४ मुलींपैकी दोघी-तिघी चमकल्या की कोणीतरी संस्था येईल आणि संपूर्ण संघ आमच्या नावावर खेळवा म्हणेल. मुलींना जाऊ द्यावे, संघाचे नाव आणि कागदपत्रे मात्र गावातच ठेवावीत.

आणि एक राहिले. येथे अल्पवयीन मुलांसोबत काम करणाऱ्या प्रशिक्षकाला आणि मदतनिसाला पोलिसांचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, मग तो त्याच मुलाचा बाप का असेना. मलाही द्यावे लागले. आपणही सुरुवातीपासून हा नियम ठेवावा. गावात कुजबुज होण्याआधी कागद तयार असलेला बरा.

दारव्ह्याचे मास्तर:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर देण्यास दोन आठवडे लागले, कारण मधे सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. बाईंचे म्हणणे मी घरी वाचून दाखवले, तेव्हा सौभाग्यवतींनी एवढेच विचारले की ‘चार वर्षे मैदानावर जाताय, मला एकदा तरी विचारले का?’ त्या दिग्रसला शाळेत असताना धावण्यात जिल्ह्यापर्यंत गेल्या होत्या, हे मला लग्नानंतर चौदा वर्षांनी कळले.

मागच्या रविवारी शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक घेतली. बचत गटाच्या बायका आधी ऐकायला म्हणून आल्या आणि शेवटी अकरा जणींनी नावे दिली, त्यांपैकी नऊ सुना. नोंदणीसाठी सात नावे ठरली असून त्यांत चार स्त्रिया आहेत. खजिनदार बचत गटाच्या सचिव ताई होणार आहेत, कारण पाच रुपयांचा फरक निघाला तरी त्या रात्रभर झोपत नाहीत. पोशाखावरून थोडा वाद झाला. एका सासूबाईंनी टी-शर्टला हरकत नाही पण सलवार हवी, असे सांगितले आणि बाकीच्यांनी ते मान्य केले. सराव सकाळी नको, कारण तेव्हा पाणी भरणे आणि डबे असतात. वेचणी संपेपर्यंत फक्त रविवारी दुपारी चार वाजता जमायचे ठरले आहे.

आता ग्रामपंचायतीच्या माणसाला एक प्रश्न. सात जणींच्या खेळापुरते साठ मीटर बाय चाळीस मीटरचे मैदान मुरूम टाकून करायचे झाल्यास किती मुरूम लागेल?

ग्रामपंचायतीचा माणूस:

दहा सेंटिमीटरचा थर धरला तर २४० घनमीटर, म्हणजे सुमारे ८५ ब्रास होतात (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). रोलर फिरल्यावर थर दबतो, म्हणून १०० ब्रास धरून चालावे. दोन ब्रासच्या टिप्परच्या ५० खेपा झाल्या. गौण खनिजाची परवानगी तहसील कार्यालयातून आधी घ्यावी, नाहीतर पहिलीच खेप अडकेल. आणि मुरूम चाळून घ्यावा. खडा राहिला तर पडल्यावर गुडघे सोलून निघतात, आणि सुनेचा गुडघा सोलला तर दुसऱ्या दिवशी वेचणीला कोण जाणार, हा प्रश्न सासू आपल्यालाच विचारेल.